वाचकांचे प्रश्न : शाळेच्या निधीसाठी संपादकांना पत्र

प्रश्न : आमच्या गावातील जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते पाचवीची ४३ मुले असून दोन शिक्षक आहेत. मी शाळा व्यवस्थापन समितीचा पालक-सदस्य आहे. शाळेला वर्षाच्या किरकोळ खर्चासाठी मिळणारे अनुदान अपुरे पडते. गेल्या वर्षी तर ते मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जमा झाले आणि पाठोपाठ उपयोगिता प्रमाणपत्राची, म्हणजे पैसा खर्च झाल्याच्या दाखल्याची, मागणी आली. महिन्याला सरासरी नऊशे रुपये वीजबिल येते. ते थकल्यामुळे दोन महिने वर्गातील पंखे आणि संगणक बंद होते. या सगळ्याविषयी ‘मराठी शाळा वाचवा’ या शीर्षकाचे सुमारे आठशे शब्दांचे पत्र मी एकाच वेळी तीन दैनिकांना पाठवले. एकाही ठिकाणी ते छापून आले नाही. शासकीय शाळांच्या निधीच्या बाजूने पत्र नेमके कसे लिहावे?
– एक पालक, सांगली जिल्हा

उत्तर : आपण मूळ पत्राची प्रत सोबत जोडलीत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. पत्राची सुरुवात ‘आपल्या लोकप्रिय दैनिकाच्या माध्यमातून शासनाचे लक्ष वेधू इच्छितो’ अशी आहे. पुढचे तीन परिच्छेद मातृभाषेच्या थोरवीवर, नंतरचे दोन इंग्रजी माध्यमाच्या वेडावर आणि त्यानंतरचा एक राजकारण्यांच्या उदासीनतेवर आहे. वीजबिलाचा उल्लेख सातव्या परिच्छेदात एका ओळीत येतो आणि शेवटी ‘तरी शासनाने याकडे लक्ष द्यावे’ असे म्हणून पत्र संपते. आधीचे सहा परिच्छेद महाराष्ट्रातील कोणीही, कोणत्याही वर्षी लिहू शकला असता. सातव्यातील ती एक ओळ मात्र फक्त आपल्यालाच लिहिता येण्यासारखी होती. पत्र त्या ओळीपासून सुरू व्हायला हवे होते आणि तिच्यापासून फार दूर जायला नको होते.

दुसरी अडचण ‘शासनाने’ या शब्दाची आहे. शाळेकडे येणारा पैसा एका दारातून येत नाही. शिक्षकांची पदे, संचमान्यता (पटावरून पदे ठरवणे) आणि वेतन हा राज्य शासनाचा विषय आहे. आपण ज्याविषयी लिहिता ते संयुक्त शाळा अनुदान समग्र शिक्षा योजनेतून मिळते, आणि त्या योजनेचा खर्च केंद्र व राज्य यांच्यात ६० आणि ४० टक्के असा विभागलेला असतो. नव्या वर्गखोल्या आणि मोठ्या दुरुस्त्या यांना बहुधा जिल्हा नियोजन समितीकडून मिळणारा निधी लागतो, आणि त्या समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. जिल्हा परिषदेला स्वतःच्या उत्पन्नातून, म्हणजे ज्याला आपण सर्वजण ‘सेस’ म्हणतो त्यातून, काही खर्च करता येतो. नळ, स्वच्छतागृह किंवा कुंपणाची भिंत यांची मागणी ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यातही घालता येते. जे पत्र या सर्वांना एकत्रितपणे ‘शासन’ म्हणते, ते वाचून यांपैकी कोणालाही आपल्याला काही विचारले गेले आहे असे वाटत नाही. म्हणून लिहिण्यापूर्वी आपली तक्रार कोणत्या दाराची आहे ते ठरवावे. निर्लेखित झालेल्या, म्हणजे वापरायोग्य नाही म्हणून नोंदीतून काढलेल्या, वर्गखोलीच्या जागी नवी खोली मिळत नसेल, तर शिक्षणमंत्र्यांना उद्देशून लिहिलेले पत्र चुकीच्या पत्त्यावर गेलेले असते.

आता आकड्यांकडे वळू. संयुक्त अनुदान पटावर ठरते. ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये, ३१ ते १०० पटाला २५,००० रुपये आणि १०१ ते २५० पटाला ५०,००० रुपये, अशी ती चढण आहे. आपल्या शाळेला २५,००० रुपये लागू होतात. त्यातील किमान दहा टक्के, म्हणजे २,५०० रुपये, स्वच्छतेवर खर्च करावे लागतात. आपणच कळवलेल्या सरासरीप्रमाणे विजेवर वर्षाला १०,८०० रुपये जातात. राहिले ११,७०० रुपये. खडू, कागद, नोंदवह्या, इंटरनेट, फुटलेली फरशी, गळकी तोटी, खेळाचे साहित्य, सारे काही त्यात बसवायचे. ही साधी वजाबाकी मूळ पत्रात कुठेही नव्हती. ती असती, तर मातृभाषेच्या थोरवीवर एक शब्दही न लिहिता वाचकाच्या मनात जे उतरायला हवे ते उतरले असते.

आकडा मांडताना एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे. २५,००० रुपयांना ४३ ने भागून ‘शासन एका मुलावर वर्षाला फक्त ५८१ रुपये खर्च करते’ असे लिहिण्याचा मोह होईल, आणि ते वाक्य खोटे ठरेल, कारण शिक्षकांचे वेतन, पोषण आहार आणि मोफत पाठ्यपुस्तके यांचा खर्च वेगळ्या लेखाशीर्षांखाली होतो आणि तो या रकमेच्या कितीतरी पट असतो. दुसऱ्याच दिवशी एखादा वाचक ‘दोन शिक्षकांचे पगार का मोजले नाहीत’ असे विचारील आणि आपला खरा मुद्दाही त्याच्याबरोबर वाहून जाईल. त्यापेक्षा पत्रातच स्पष्ट म्हणावे की वेतनाचा खर्च वेगळा आहे, आणि तो होत असूनही, नव्हे, तो होतो म्हणूनच, ज्या वर्गात ते शिक्षक उभे राहतात त्या वर्गातील दिवा बंद ठेवणे हे वेडगळ अर्थकारण आहे. माझा अनुभव असा की पगाराचा मुद्दा लेखकाने आधीच कबूल केला, की विरोधकाचे निम्मे पत्र लिहिलेच जात नाही.

पटाचा आकडा शाळेने यू-डायसवर (शाळांच्या माहितीच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत) भरलेल्या माहितीशी जुळतो की नाही हेही पाहावे. ती माहिती सार्वजनिक आहे आणि कोणीही पडताळू शकतो. अनुदान कोणत्या तारखेला जमा झाले ते समितीच्या बँक पुस्तिकेत दिसते, आणि समितीचे सदस्य म्हणून ती पाहण्याचा आपल्याला अधिकार आहे. जिल्ह्यातील किती शाळांचा वीजपुरवठा तोडला गेला, असा मोठा आकडा हवा असेल, तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचे शुल्क भरून अर्ज करावा. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत कायद्यानेच घातलेली आहे. ऐकीव आकडा कधीही घालू नये. ‘हजारो शाळा अंधारात’ हे शब्द संपादक सर्वांत आधी खोडतो.

नेमकी रक्कम मागण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. १८८२ मध्ये महात्मा फुले यांनी शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ब्रिटिश सरकारच्या हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, त्यात रयतेच्या कष्टातून जमा होणारा महसूल वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो ही तक्रार होती, निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे ही मागणी होती, आणि त्याबरोबरच प्रशिक्षित शिक्षकाला किमान बारा रुपये व मोठ्या गावांत पंधरा ते वीस रुपये पगार असावा, इतका नेमका तपशीलही होता. शिक्षकांकडे लक्ष द्यावे एवढे म्हणून ते थांबले नाहीत.

वेळेचे भान हीदेखील महत्त्वाची गोष्ट आहे. शाळांवरील पत्रांचा पाऊस जूनमध्ये पडतो, कारण तेव्हा शाळा उघडतात आणि गळके छत सर्वांना दिसते. निधीचे निर्णय मात्र त्याच्या कितीतरी आधी झालेले असतात: जिल्हा वार्षिक योजनेच्या आराखड्याची चर्चा हिवाळ्यात होते, राज्याचा अर्थसंकल्प सामान्यतः मार्चमध्ये मांडला जातो आणि जिल्हा परिषदेचे अंदाजपत्रकही त्याच सुमारास येते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ नुसार शाळा व्यवस्थापन समितीने शाळा विकास आराखडा तयार करायचा असतो आणि शासनाकडून होणाऱ्या नियोजनाचा व अनुदानाचा तो आधार मानला जातो. अनेक गावांत तो आराखडा मुख्याध्यापक एकटेच भरतात आणि सदस्य सही करतात. आपल्या समितीने तो खरोखर बसून केला, त्यात विजेचा खर्च लिहिला आणि पत्र डिसेंबर-जानेवारीत पाठवले, तर पत्रामागे कागद उभा राहील.

वृत्तपत्राच्या सोयीचेही थोडे पाहावे. वाचकांच्या पत्रांचा स्तंभ चालू बातम्यांवर चालतो. दोन-तीन दिवसांत आलेल्या एखाद्या बातमीचा किंवा अग्रलेखाचा तारखेसह उल्लेख करून सुरुवात केली, तर संपादकाला ते पत्र आज का छापावे याचे कारण मिळते. २०२५ च्या जुलैमध्ये राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात शाळेचे छत कोसळून सात मुलांचा मृत्यू झाला, तेव्हा देशभर शाळांच्या इमारतींवर लिहिले गेले. त्या आठवड्यात आपल्या तालुक्यातील निर्लेखनाच्या प्रतीक्षेत असलेल्या खोल्यांविषयीचे पत्र कोणत्याही दैनिकाने आस्थेने वाचले असते. पत्र दोनशे शब्दांच्या आत बसवावे, एका वेळी एकाच दैनिकाला पाठवावे आणि आठवडाभर वाट पाहून मगच दुसऱ्याकडे वळावे. तीन ठिकाणी एकदम पाठवलेले पत्र चुकून दोन ठिकाणी छापून आले, तर दोन्ही संपादक पुढच्या वेळी आपले नाव लक्षात ठेवतात, पण भलत्या कारणासाठी.

आपल्याच माहितीवरून तयार केलेला नमुना खाली देत आहे. बातमीची तारीख आपण घालावी.

‘शाळांच्या थकीत वीजबिलांविषयीचे वृत्त वाचले. मी एका जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीचा सदस्य आहे. आमच्या शाळेत ४३ मुले आहेत. या पटाच्या शाळेला समग्र शिक्षा योजनेतून वर्षाला २५,००० रुपये संयुक्त अनुदान मिळते. शिक्षकांचे वेतन, पोषण आहार आणि पाठ्यपुस्तके यांचा खर्च वेगळा होतो. पण वीज, स्वच्छता, इंटरनेट, किरकोळ दुरुस्ती आणि शैक्षणिक साहित्य या रकमेतूनच भागवावे लागते. गेल्या वर्षी वीजबिल १०,८०० रुपये झाले. स्वच्छतेचे २,५०० रुपये बाजूला काढल्यावर वर्षासाठी ११,७०० रुपये उरत होते, आणि ही रक्कम खात्यात आली मार्चच्या अखेरीस. तोपर्यंत वीज तोडली गेली होती आणि दोन महिने मुले पंख्याविना बसली होती. जिल्हा परिषदेने येत्या अंदाजपत्रकात शाळांच्या वीजबिलांसाठी स्वतंत्र तरतूद करावी, आणि राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने संयुक्त अनुदानाचा निदान निम्मा हप्ता जुलै संपण्यापूर्वी शाळांना मिळेल अशी व्यवस्था करावी.’

यात दोन मागण्या आहेत आणि दोन्हींवर कोणाचे दार ठोठावले आहे ते लिहिलेले आहे. मराठी शाळांच्या अस्तित्वाविषयी आपल्याला जे वाटते ते मनापासूनचे आहे याविषयी शंका नाही; त्यासाठी स्वतंत्र लेख लिहावा.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सोळा वर्षे शिक्षिका आहे. गावातून वर्गणी काढून, आमच्याकडे ज्याला ‘शैक्षणिक उठाव’ म्हणतात तो करून, आम्ही दरवर्षी शाळेचा खर्च भागवतो. याविषयी मी माझ्या नावाने लिहू शकते का? सहकारी सुचवतात की ‘एक शिक्षिका’ अशी सही करावी किंवा पत्र पतीच्या नावाने पाठवावे.
– एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : सेवेत असेपर्यंत शासनाच्या धोरणावर टीका करणारे पत्र स्वतःच्या नावाने देऊ नये, असाच माझा सल्ला आहे. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना १९६७ चे वर्तणूक नियम लागू आहेत आणि शासनाच्या धोरणावर वृत्तपत्रातून टीका करण्यास त्यांत मनाई आहे. निधी अपुरा आहे ही वस्तुस्थिती आणि शासनाने कर्तव्यात कसूर केली ही टीका, यांतील रेषा आपल्याला स्पष्ट दिसत असली, तरी खुलासा मागणाऱ्या अधिकाऱ्याला ती तशीच दिसेल याची खात्री नाही.

पतीच्या नावाने पत्र पाठवणे मला पटत नाही. ते न घेतलेल्या अनुभवावर सही करतील, आणि गावात कोणाचे अक्षर कोणाचे हे लपत नाही. निनावी पत्र बहुतेक दैनिके छापत नाहीत. छापायचे झाले तरी खरे नाव व पत्ता संपादकाकडे द्यावाच लागतो.

रास्त मार्ग समितीचाच आहे. शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के सदस्य पालक असतात आणि सदस्यांपैकी निम्म्या स्त्रिया असाव्यात असे कायदा सांगतो. जमाखर्च समितीपुढे ठेवणे हे शाळेचे कर्तव्यच आहे. तो सभेत वाचून दाखवावा, ‘वर्गणीतून केलेला खर्च’ ही बाब स्वतंत्र मांडावी आणि इतिवृत्तात लिहून घ्यावी. त्यानंतर एखाद्या आईने स्वतःच्या शब्दांत पत्र लिहिले, तर ते तिचे स्वतःचे पत्र असेल. भाषा अडखळती असेल तर असू द्यावी. आपण बसून ती सफाईदार करून दिलीत, की ते पुन्हा आपले पत्र होते.

उठावाविषयी थोडे अधिक. लोकवर्गणीतून रंगवलेल्या शाळांच्या कौतुकाच्या बातम्या आपण सगळे वाचतो, आणि ते कौतुक खोटे नसते. तथापि अशा प्रत्येक बातमीमागे तरतुदीच्या स्तंभातील एक रिकामी जागा झाकली जाते. ज्या गावात मुंबई-पुण्याला नोकरी करणारी चार घरे आहेत तेथे उठाव होतो. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या वस्तीत तो कोणाकडून करायचा? पत्र लिहिणाऱ्या पालकाने वर्गणीचा आकडा अभिमानाने न मांडता, जी रक्कम शासनाकडून यायला हवी होती तिची नोंद म्हणून मांडावा.

प्रश्न : कमी पटाच्या शाळांना निधी द्यावा असे माझे पत्र एका दैनिकात प्रसिद्ध झाले. त्यावर एका वाचकाचे उत्तर आले : ‘मुलेच नाहीत, तर पैसा कशाला? दहा मुलांसाठी दोन शिक्षक पोसण्यापेक्षा मुलांना गाडीने मोठ्या शाळेत न्यावे.’ याचा प्रतिवाद कसा करावा?
– एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : हा आक्षेप चेष्टेवारी नेऊ नये. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूहशाळा, म्हणजे अनेक छोट्या शाळांची मिळून एक मोठी शाळा, उभारण्याचे प्रस्ताव राज्यात मागवले गेले, तेव्हा अशा शाळांची संख्या चौदा हजारांच्या वर होती. एवढ्या शाळांवरील खर्चाचा प्रश्न विचारणारा माणूस शिक्षणाचा शत्रू ठरत नाही, आणि मोठ्या शाळेत खेळायला, भांडायला, एकत्र शिकायला अधिक मुले मिळतात हेही खरेच आहे. ते आपल्या उत्तरात मान्य करावे.

त्यानंतर कायद्याकडे यावे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात साठपर्यंत मुलांसाठी दोन शिक्षक दिलेले आहेत. तेथे ‘पोसणे’ हा शब्द नाही. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असायला हवी. तेव्हा शाळा हलवायची असेल, तर बचतीच्या हिशेबात गाडी, चालक आणि इंधन यांचा वर्षानुवर्षांचा खर्च धरावा लागेल. तो धरल्यावरही बचत उरते का, असा प्रश्न आपण त्या वाचकाला विचारू शकता.

पण रत्नागिरीतून लिहिणाऱ्याकडे कायद्याच्या कलमापेक्षाही बळकट पुरावा आहे. एखाद्या वाडीपासून मोठ्या शाळेपर्यंतचा रस्ता जुलैच्या मुसळधार पावसात स्वतः चालून पाहावा. वाटेत किती पऱ्हे (ओढे) लागतात, त्यांपैकी कितींवर साकव (छोटा पूल) आहे, कोणता पाण्याखाली जातो आणि गाडी कुठपर्यंत येते, हे घड्याळ लावून टिपावे. सहा वर्षांच्या मुलीला तो रस्ता रोज दोनदा चालायचा आहे. पट आधी घटला की दुसरा शिक्षक आधी गेला, याचाही शोध शाळेच्या हजेरीपटांतून घ्यावा. एक शिक्षक चार वर्ग सांभाळतो असे दिसले, की ज्यांना परवडते ते पालक मुलांना गावाबाहेर घालतात, आणि मग त्या घटलेल्या पटाचेच कारण पुढे करून उरलेला खर्चही कापला जातो. आपल्या शाळेत हाच क्रम घडला असेल, तर वर्षवार चार आकडे पुरेत. तसा क्रम नसेल आणि वाडीत खरोखरच मुले जन्मत नसतील, तर तेही लपवू नये. अशा ठिकाणी अंतराचा मुद्दा घेऊन लढावे.

प्रश्न : माझी दोन्ही मुले खासगी इंग्रजी शाळेत शिकतात. महापालिकेच्या शाळांच्या निधीविषयी लिहिण्याचा मला नैतिक अधिकार आहे का? लोक ढोंगी म्हणतील, अशी भीती वाटते.
– एक वाचक, पुणे

उत्तर : काही लोक म्हणतील. तरीही लिहावे, आणि मुले खासगी शाळेत आहेत हे पत्राच्या दुसऱ्या वाक्यातच सांगून टाकावे. आपण करदाते म्हणून बोलत आहात. महाराष्ट्रात १९६२ च्या कायद्याने शिक्षणासाठी कर घेतला जातो आणि शहरांत तो मालमत्ता कराच्या देयकात स्वतंत्र ओळीत दाखवलेला असतो. आपले देयक काढून ती ओळ पाहावी. केंद्र सरकार २००४ पासून शिक्षणासाठी उपकर घेते. तो प्रथम दोन टक्के होता, २००७ मध्ये तीन झाला आणि २०१८ पासून आरोग्य व शिक्षण मिळून चार टक्के आहे. हा पैसा कुठे गेला, असे विचारण्यासाठी मूल त्याच शाळेत असावे लागत नाही.

केवळ ‘मी कर भरतो’ एवढ्यावर मात्र थांबू नये. १९२७ च्या मार्चमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या तरतुदीवर बोलताना दोन आकडे शेजारी ठेवले होते: इलाख्यात दरडोई शिक्षणावर होणारा खर्च चौदा आणे आणि अबकारीतून (मुख्यतः दारूवरील करातून) दरडोई मिळणारे उत्पन्न दोन रुपयांहून अधिक. दोन्ही आकडे सरकारचेच होते. आपल्यालाही महापालिकेच्या अंदाजपत्रकात अशी जोडी शोधता येईल. ते सार्वजनिक असते. प्राथमिक शिक्षणासाठी दाखवलेली तरतूद आणि मागील वर्षी प्रत्यक्ष झालेला खर्च हे दोन स्तंभ आधी ताडून पाहावेत. तरतूद भरघोस आणि खर्च तोकडा असे आढळले, तर आपल्या पत्राची मागणी वाढीव निधीची असणार नाही. मंजूर झालेला पैसा का खर्च झाला नाही, एवढेच विचारावे लागेल. पत्र छापून आले, की कात्रण आणि अंदाजपत्रकातील त्या पानाची प्रत जोडून प्रभागातील नगरसेवकाला व महापालिकेच्या शिक्षण विभागाला अर्ज द्यावा, आणि पोच घेताना त्यावर आवक क्रमांक पडला आहे ना, ते तेथेच पाहून घ्यावे.